वरील तिन्ही नावांची

सैनिक कल्याण कार्यालयाच्या व्हरांड्यात माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली घडी घातलेलं जुनं परिपत्रक.
पगार नाही. पेन्शन येते, गुडघे अजून ऐकतात,
म्हणून सोमवार-गुरुवार येतो,
फॉर्म भरून देतो.

जांबोटीकडची बस दहा वीसला.
दोघी एकाच बसनं येतात,
शून्य रुपयांची दोन तिकिटं मुठीत सांभाळत,
आणि वेगवेगळ्या बाकांवर बसतात.
सासू दाराजवळ. सून भिंतीला.
मध्ये पाण्याची घागर.

लुमाण्णा घाडी. नाईक. वय चौतीस.
गस्तीवर असताना वरून बर्फ सुटलं.
गावात बॅनर लागला, शाळा सोडली,
चौकाला नाव द्यायचं ठरलं,
पाटी मराठीत की कानडीत, ह्यावर अडलं.
त्याला दीड वर्ष झालं.

रकाना विचारतो: मृत्यूचा प्रकार.
शत्रूनं मारलं तर एक आकडा,
बर्फानं मारलं तर दुसरा.
हे समजावताना माझं पेन कोरडं पडलं.
झटकलं, तर शाई म्हातारीच्या पदरावर.
"असूं दे," म्हणाली, "धुतल्यावर जाईल."
गेली नसणार. ती शाई जात नाही.

पण अडलंय ते आकड्यावर नाही, नावावर.
पलटणीच्या कागदात अनसूया.
शाळेच्या दाखल्यात अनुसया,
मास्तरांना तसंच ऐकू आलं.
रेशन कार्डावर, गोल गोल कानडी अक्षरांत,
अनसव्वा.
आणि पेन्शनच्या संगणकाला
तिघींतली एकच विधवा हवी.

बँकेतला पोरगा वाईट नाही. विजापूरकडचा.
"नाळे बर्री अक्का," म्हणतो, मान खाली घालून.
नाळे म्हणजे उद्या.
सहा महिने ती उद्याच जातेय.

शेवटी बाँड आणला. कोर्टासमोर टाइप करून घेतला.
'वरील तिन्ही नावांची व्यक्ती मी स्वतः एकच असून'
एवढं वाचून दाखवलं, तर ती हसली.
ह्या व्हरांड्यात पहिल्यांदाच.
"चौथं राहिलं की," म्हणाली.

ट्रंक आली तेव्हा आत यादी होती:
बूट, जोड एक. मफलर. दाढीचं सामान.
गणपती, पितळी, लहान.
मोबाइल, एक.
मोबाइल पोरीनं चार्ज केला.
कुलूप तिच्याच जन्माच्या वर्षाचं.
मग हिनं, कुणी नसताना,
आपल्या फोनवरनं त्याला रिंग दिली.
काच उजळली. हिच्या नंबरावर
नाव नव्हतंच.
लिहिलं होतं: घर.

मी तेवीस वर्षं काढली पलटणीत.
किती काळ्या ट्रंकांवर
पांढऱ्या रंगानं नंबर घातले.
काय बोलावं ते सुचेना,
म्हणून कार्बन सरळ करत बसलो.

तेवढ्यात दाराजवळनं म्हातारी म्हणाली,
"माझ्याकडं कुठला फोन?
मी बी त्याच फोनवर बोलत होतो त्याच्याशी.
म्हंजे घर म्हंजे मी बी की."

सून काही बोलली नाही.
घागरीतलं पाणी तांब्यात घेतलं,
आधी तिला दिलं.

सासूच्या वाट्याचा वेगळा अर्ज आहे.
तो तिनं मागे घेतला नाही,
मीही विचारलं नाही.
खणात आहे, वरनं तिसरा.

बाँडवर सही झाली. कुठल्या नावानं करू, म्हणाली;
म्हटलं, हात ओळखेल ते कर.
शिक्का मारला. झेरॉक्स तीन.
एक चाळीसच्या बसला दोघी पळाल्या.
बसमध्ये कुणाशेजारी कोण बसलं
ते इथून दिसत नाही.
चिंचेचं झाड आड येतं.